सहस्रचंद्रदर्शनानंतरचं मन

सहस्रचंद्रदर्शनाचं गणित सरळ आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. अशा हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात, म्हणून तो सोहळा एक्याऐंशीव्या वर्षी करतात. माझ्या आत्याचा मिरजेला झाला. ८१ दिव्यांनी ओवाळून झालं, फोटो झाले, पंगत बसली आणि आत्या पहिल्याच घासाला म्हणाली, "मसालेभातात काजू मोजून घातलेत." तिच्या तोंडून सहीसलामत सुटलेला पदार्थ आमच्या घरात नाही. वहिनीने, म्हणजे तिच्या सुनेने, पस्तीस वर्षं हे ऐकून घेतलंय.

पुढे सत्याऐंशीव्या वर्षी आत्याने नावं ठेवणं बंद केलं. पानात पडेल त्यातले दोन घास खायची आणि उठायची. सगळ्यांना वाटलं, चला, निवळली एकदाची. काळजी कुणी केली नाही. खरं सांगायचं तर घराला जरा सुटल्यासारखंच वाटलं. मग तिचे ब्लाऊज ढगळ व्हायला लागले. पोटात गोळा आल्यासारखं होतं, म्हणायची. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. एका डॉक्टरांनी फाइल मिटली आणि दादाला सांगितलं, "वयोमानानुसार आहे हे. आनंदात ठेवा."

त्या 'वयोमानानुसार' शब्दाशी माझं भांडण आहे. गुडघे झिजणं, कानाला कमी येणं, रात्री तीनदा उठावं लागणं, हे वयोमानानुसार. महिनोन्महिने कशातच जीव न रमणं वयोमानानुसार नाही. हे मी कुणाचं मन राखायला म्हणत नाही. ते मोजून पाहिलेलं आहे.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९७ ते १९९९ या काळात पंच्याऐंशी पूर्ण केलेल्या ५९९ जणांचा अभ्यास झाला. संशोधकांनी आधी 'चांगलं म्हातारपण' म्हणजे काय ते ठरवलं: शरीर, बुद्धी, माणसांतला वावर आणि मनाचं समाधान. चारही कसोट्यांना उतरलेले निघाले फक्त १० टक्के. पण नुसतं समाधान पाहिलं तर ४५ टक्के लोकांचे गुण सर्वांत वरच्या पट्टीतले होते, आणि शरीर, बुद्धी आणि वावर या बाबतींत तेवढेच चांगले असलेले जेमतेम १३ टक्के. म्हणजे बरेचसे लोक अडखळत चालत होते, औषधं मोजत होते आणि तरी आपल्या जगण्यावर खूश होते. त्यांतल्या काहींशी निवांत बोलणं झालं, तेव्हा आणखी एक कळलं. संशोधकांच्या लेखी चांगलं म्हातारपण ही एक यादी होती. म्हाताऱ्यांच्या लेखी ते जमवून घेण्याचं काम होतं, रोजचं.

इंग्लंडमधल्या न्यूकासलला १९२१ साली जन्मलेल्यांना २००६ च्या सुमारास असंच तपासलं गेलं. हजारावर माणसं. एकही आजार नाही असं एकही माणूस सापडलं नाही. सरासरी पुरुषांना चार, बायकांना पाच. आणि "तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तब्येत कशी आहे?" या प्रश्नाला ७८ टक्के लोकांनी चांगली किंवा त्याहून बरी असं उत्तर दिलं. आपण तिशी-चाळिशीतले लोक त्यांच्याकडे पाहून जे गृहीत धरतो, त्यापेक्षा हे बरंच वेगळं आहे.

मन तग कसं धरतं

याची दोन उत्तरं मला पटतात. पहिलं स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं. पुढे भरपूर वर्षं आहेत असं वाटतं तेव्हा माणूस ओळखी वाढवतो, नवं शिकतो, नको त्या लग्नाला जातो. उरलेला काळ थोडा आहे हे उमगलं की तो निवड करतो. चार माणसं, दोन आवडीच्या गोष्टी, बाकीच्याला रामराम. वाईट आठवणींपेक्षा चांगल्यांवर लक्ष जास्त रेंगाळतं. म्हणून नव्वदीतल्या आजी नातवाच्या रिसेप्शनला आल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला जवळ बसवून तासभर गप्पा मारल्या, तर त्यांना एकटेपणाने ग्रासलंय असं समजू नये. त्यांनी निवड केलेली असते.

दुसरं उत्तर पाउल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन दांपत्याचं. ते पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीतही मैफल कशी गाजवता, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं: मोजक्याच रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो आणि जलद जागा यायच्या आधी मुद्दाम सावकाश वाजवतो, म्हणजे पुढची लय आहे त्याहून द्रुत भासते. थोडं निवडायचं, ते घासायचं, उणं झाकायचं. पुरणपोळी लाटायचं बंद केलेली, पण कटाच्या आमटीची फोडणी कुणाला करू न देणारी आजी दुसरं काय करते?

म्हणून "तू बस गं आता, आम्ही करतो" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी जपून वापरावं. मेथी निवडणं, लसूण सोलणं, दुधाचा हिशेब ठेवणं ही कामं काढून घेतली की माणसाच्या हातातला दिवसच काढून घेतल्यासारखं होतं. भाजी नीट निवडली जात नाही, खडे राहतात, मान्य आहे. त्यांच्या पाठीमागे पुन्हा निवडावी.

मात्र हे सगळं फार गुलाबी रंगवू नये, आणि हा इशारा स्वतः बाल्टेस यांनीच दिला होता. बर्लिनमधल्या सत्तर ते शंभरच्या पुढच्या ५१६ जणांच्या अभ्यासानंतर त्यांचं म्हणणं असं पडलं की साठ-सत्तरीतल्या ताज्या म्हाताऱ्यांबद्दलचा उत्साह ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे जशास तसा लावता येत नाही. जमवून घ्यायलाही काही ऐवज लागतो, आणि तो संपत येतो. बऱ्याच माणसांचं समाधान शेवटच्या काही वर्षांत घसरतं. ती घसरण वयाच्या आकड्यापेक्षा मृत्यू किती जवळ आलाय त्याच्याशी जास्त बांधलेली दिसते.

आणि काही दुःखं अशी असतात की त्यांना जमवून घेणं हा शब्दच तोकडा पडतो. आत्याची शेवटची मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्यानंतर आत्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. ती आई आहे, आजी आहे, आत्या आहे, काकू आहे. "अगं कुसे" म्हणणारं जगात कुणी नाही. मला हे तिनेच सांगितलं, आणि अगदी सहज सांगितलं, दूधवाला आला नाही म्हणावं तसं. बरोबरीचं माणूस जाणं म्हणजे आपल्या तरुणपणाचा साक्षीदार जाणं. तिशीतल्या नातवाला कितीही माया असली तरी ती जागा त्याला भरता येत नाही.

आजार कसा बोलतो

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारून पाहिल्यावर ८.३ टक्के लोकांत नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. "डॉक्टरांनी तुम्हाला कधी नैराश्य सांगितलंय का?" याला हो म्हणणारे होते ०.८ टक्के. दहातल्या नऊ जणांचं निदानच झालेलं नव्हतं.

का होत नाही? एक तर 'वयोमानानुसार'. दुसरं म्हणजे या पिढीच्या तोंडी तो शब्दच नाही. "मला डिप्रेशन आलंय" असं नातू म्हणेल. आजी म्हणते: अंगात त्राण नाही, जेवण गोड लागत नाही, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, कसंतरीच होतं. रडणं क्वचितच दिसतं. दिसतो तो चिडचिडेपणा किंवा एकाच दुखण्याचा ध्यास. किंवा आत्यासारखं गप्प होणं. मग तपासण्या पोटाच्या होतात. त्या होऊ नयेत असं नाही, वजन घटत असेल तर पोट बघायलाच हवं. पण ते निर्दोष निघालं की फाइल मिटायची नसते.

म्हाताऱ्यांसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत एक प्रश्नावली तयार झाली, आधी तीस प्रश्नांची, मग पंधरांची. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिची खुबी अशी की त्यात झोप, भूक, थकवा यांबद्दल जवळजवळ काही विचारत नाहीत, कारण त्या वयात ही लक्षणं दहा कारणांनी असतात. विचारतात ते मनाचं: जगण्यात समाधान आहे का, आवडीच्या गोष्टी सोडल्या का, आपला काही उपयोग नाही असं वाटतं का. पंधरांपैकी पाचाहून जास्त उत्तरं उदासीकडे झुकली तर पुढे तपासावं, असा ढोबळ नियम आहे. एक प्रश्न मला स्वतःला खटकतो: बाहेर पडण्यापेक्षा घरात बसावंसं वाटतं का? जिना उतरायला वीस मिनिटं लागत असतील तर मलाही वाटेल. म्हणून आकड्यावर निकाल लावायचा नसतो, समोर बसून बोलायचं असतं.

सगळ्यांत गोंधळात टाकणारं वाक्य म्हणजे "आता देवाने न्यावं." आपल्याकडे हे इतकं सर्रास बोललं जातं की कुणी कान देत नाही. "माझ्या गोवऱ्या कधीच मसणात गेल्या" म्हणून हसत हसत चहा मागणारा आजोबा आजारी नाही. त्याची तयारी झालेली आहे, आणि तयारी झालेला माणूस आज काय खायचंय यात पूर्ण लक्ष घालतो. फरक चहात आहे. वाक्य तेच, पण चहा नकोसा झालाय, पोरांचं बोलणं नकोसं झालंय, "माझा तुम्हाला त्रास", "मी ओझं झालेय" हे वरचेवर येतंय, गोळ्या घेणं मुद्दाम सोडलंय, दागिने-कागदपत्रं एकाएकी वाटून टाकलीत, तर सरळ विचारावं: जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तीन आजार, तीन चाली

घराघरांत तीन गोष्टींची गल्लत होते. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वर्षावर्षांनी येतो. नैराश्य काही आठवड्यांत. आणि तिसरी, जिला आपल्याकडे 'वात झालाय' म्हणत, तो डेलिरियम तासांत किंवा दिवसांत. काल व्यवस्थित बोलणाऱ्या आजी आज नातवाला भाऊ समजतायत, संध्याकाळी भिंतीवर माणसं दिसतायत, सकाळी पुन्हा शुद्धीवर, तर ती म्हातारचळ नव्हे. ती तातडीची वैद्यकीय अडचण आहे. मुळाशी लघवीचा जंतुसंसर्ग असेल, न्यूमोनिया, रक्तातलं घटलेलं सोडियम, पोटात न गेलेलं पाणी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ किंवा नवी सुरू झालेली गोळी. त्याची एक गुपचूप जातही असते. माणूस बडबडत नाही, नुसता गुंगीत पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, आज शांत झोपलेत. ही जात जास्त वेळा नजरेतून सुटते.

डिमेन्शिया आणि नैराश्य यांत ओळखायची एक खूण आहे, पक्की नाही, पण उपयोगी. आज वार कोणता, असं विचारलं तर विसरणारी आजी ते झाकते: "मला म्हातारीला काय करायचाय वार!" उदास आजी म्हणते, "नाही आठवत. डोकंच गेलंय माझं." दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हेही खरं. पण विसरायला लागली म्हणजे डिमेन्शियाच, असं घरच्या घरी ठरवू नये. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेकांना नाही.

आधी कान, दात आणि गोळ्या

पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. या वयात मनाचं दार बरेचदा शरीराच्या क्षुल्लक वाटणाऱ्या बिजागरीवर अडलेलं असतं. आत्याचं श्रवणयंत्र कपाटाच्या खणात होतं. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवलेलं, आणि सेल बदलायला कुणाला सुचलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतायत आणि आपल्याला कळत नाही कशाला, चारदा "काय?" विचारून झाल्यावर माणूस विचारणं सोडतं. कवळी सैल झाली की खाणं सुटतं. लघवी थांबत नाही ही धास्ती असली की भजनी मंडळ सुटतं, आणि कारण विचारलं तर "गुडघे" सांगतात, कारण खरं कारण सांगायची लाज वाटते. मोतीबिंदू पिकला की पेपर सुटतो. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानं ठेवतात, विरंगुळा केंद्रांत कॅरम ठेवतात, सगळं चांगलंच; पण खुर्चीपासून पाच पावलांवर स्वच्छ संडास आहे की नाही, यावर अनेक आजी-आजोबांचं येणं ठरतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या. त्यांत बहिरेपण, अधू दृष्टी, एकटेपणा आणि नैराश्य ही चारही आहेत.

मग रक्त. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम आणि बी-१२. शाकाहारी घरात, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ कमी पडायला वेळ लागत नाही, आणि त्याने मनही मलूल होतं. आणि गोळ्यांचा डबा. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, लघवी आवरायच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या: या ऐंशीतल्या मेंदूला गुंगवतात, गोंधळवतात, तोल घालवतात. डॉक्टरांकडे जाताना यादी नेऊ नका, अख्खा डबाच पिशवीत घालून न्या. त्यात शेजारणीने दिलेली गोळीही निघते.

एवढं करूनही उदासी उरली तर ती बरी होते, हे ठामपणे सांगायला हवं. नैराश्यावरच्या औषधांची सवय लागत नाही; सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची. मात्र या वयात मात्रा थोडीने सुरू करून सावकाश वाढवतात, गुण यायला सहा-आठ आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांनी काही म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं, म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते तपासून घेतात.

आणि औषधाशिवायचं कामही फार अवघड नसतं. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमधल्या साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव 'दिल'. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेली ही माणसं. निम्म्यांकडे साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या गेल्या. मानसशास्त्राची पदवी नाही. त्यांनी काय केलं? एकेक अडचण घेऊन ती कशी सोडवता येईल ते बसून ठरवलं, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहाची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत केली. वर्षभरात या ९१ पैकी चौघांना नैराश्याचा आजार झाला; नेहमीचीच देखभाल मिळालेल्या ९० पैकी तेरांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्ज भरून देणं हाही मनावरचा उपचार असू शकतो, हे मला त्यातून कळलं.

काळजी घेणाऱ्यांबद्दल एकच. ऐंशी ओलांडलेली माणसं २०११ च्या जनगणनेतच देशात सुमारे १ कोटी १३ लाख होती, आणि त्यांची मुलं आता स्वतः साठीत आहेत. दादाला बायपास झालेली आहे, वहिनीचे गुडघे गेलेत. सत्याऐंशीच्या आईला उचलून बसवणारा मुलगा चौसष्टचा. त्याला रविवारी चार तास सुट्टी मिळावी म्हणून आम्ही भावंडांनी पाळ्या लावून घेतल्यात, आणि सांगते, त्या चार तासांत मलाही घाम फुटतो.

आत्याला शेवटी एका तरुण डॉक्टरणीने पकडलं. तिने पोट तपासलं, मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, श्रवणयंत्रात नवे सेल घातले आणि अर्धा तास आत्याशी बोलत बसली. लहान मात्रेची गोळी सुरू झाली. सोडियम तपासलं, ठीक निघालं. लसूण सोलायचं काम पुन्हा आत्याकडे गेलं. पहिला महिना काहीच फरक नव्हता आणि दादा गोळी बंद करायच्या गोष्टी करू लागला होता.

सातव्या आठवड्यात दुपारी अडीचला वहिनीचा फोन आला. मी घाबरूनच उचलला. पलीकडे ती हसत होती की रडत होती, पटकन कळेना.

"अगं, ऐक ना. आईंनी आज आमटीला नावं ठेवली. म्हणाल्या, मीठ कुणासाठी राखून ठेवलंयस?"